मदत हवी आहे: लग्न ठरायच्या आधी बेळगावात स्वतःच्या नावावर फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वय ३३, अविवाहित. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. हातात ६२ हजार येतात. घर, नोकरी आणि लग्न अशा तिन्ही गोष्टी एकदमच पुढ्यात आल्यात आणि एकीचा निर्णय दुसरीवर अडतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आईबाबा शहापुरात, काकांबरोबरच्या एकत्र घरात राहतात. तिथे जागा पुरत नाही म्हणून मी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ भाड्याने राहते. ही जागा मिळवताना फार मनस्ताप झाला. "फॅमिली असली तर सांगा" म्हणून दारातूनच परत पाठवायचे. शेवटी बाबा स्वतः येऊन बसले, तेव्हा कुठे मालकांनी किल्ली दिली. आता त्यांचा मुलगा परत येतोय, त्यामुळे मे अखेर घर सोडायचं आहे. पुन्हा तीच दारं झिजवायची माझी तयारी नाही.

अनगोळमध्ये एक सात वर्षं जुना टू बीएचके बघितलाय. ४८ लाख सांगतात. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, खाली बोअर आणि कॉर्पोरेशनचं पाणी दोन्ही आहे. मला मनापासून आवडलाय. घरी मात्र एकच पालुपद: "लग्न ठरू दे, मग घराचं बघ की." काका तर म्हणतात, बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन गुंठ्यांचा प्लॉट घे, निम्म्यात होईल. त्याला मी ठाम नकार दिलाय. नुसत्या बॉण्डपेपरवर मालकी होत नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि बिनशेती न झालेल्या जमिनीवर बांधकामाचा परवानाही मिळत नाही.

नोकरीचं म्हणाल तर चाकणहून ९५ हजारांची ऑफर आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. काम जवळपास हेच, हुद्दा एक पायरी वरचा.

आणि एकजण आहेत. धारवाडला कॉलेजात शिकवतात, घरची भाषा कन्नड. दोन वर्षांची ओळख आहे आणि दोघांनाही लग्न करायचं आहे. भेटतो बहुतेक धारवाडलाच, कारण इथे कॅम्पातल्या हॉटेलात चहा प्यायला तरी संध्याकाळच्या आत मावशीला पत्ता लागतो. आम्हा दोघांत भाषेची अडचण कधीच आली नाही, ते माझ्याशी मराठीत बोलतात, मी त्यांच्या आईशी मोडक्या कन्नडमध्ये. पण माझे बाबा दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीला जातात, आणि त्याच दिवशी यांच्या गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचा मंडप असतो, वर्गणी गोळा करायला हे पुढे. दोघंही मनापासून करतात. बाबांच्या डोळ्यांसमोर १९५६ पासूनचा सीमावादाचा सगळा इतिहास आहे, तो मला खोटा वाटत नाही. त्यामुळे घरी सांगायचं तर भांडणाच्या तयारीने नाही, त्यांचा मान राखून सांगायचं आहे. त्याला वेळ लागेल, आणि तोवर घर थांबवावं हे मला पटत नाही.

चाकण एका दिशेला, धारवाड दुसऱ्या. मला विचारायचंय ते असं: लग्नाआधी एकटीच्या नावावर घर घेतलेल्या कुणी इथे आहेत का? पुढे काही अडचण आली का? आणि कागदपत्रं सगळी कन्नडमध्ये असताना नेमकं काय तपासायचं?

खानापूरकर
ताई, आधी पैशाचा हिशोब. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि स्टॅम्प-नोंदणीचा खर्च त्यात धरत नाही. कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी अधिभार धरून शहरात ५.६ टक्के, शिवाय नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरीपासून १ ची २ टक्के झाली. म्हणजे ४८ लाखांवर साडेतीन लाखांच्या वर तेच. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट मिळते, आपल्याकडे ती नाही. हातात सव्वातेरा लाख रोख असतील तरच पुढे जा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता ३३ हजारांच्या आसपास बसेल, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार. माझ्या मते हे जड आहे. किंमत पाडून घ्या, नाहीतर थोडं थांबा.

कागदांत ई-खाता (कॉर्पोरेशनच्या दप्तरातला मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना ते बघा, त्याशिवाय नोंदणी होत नाही. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ई.सी., म्हणजे बोजा-व्यवहारांचा दाखला, काढा. बोजा किंवा व्यवहार असले तर फॉर्म १५ येतो, काहीच नसलं तर फॉर्म १६. पोर्टलवर २००४ पासूनचंच दिसतं, जमिनीचा मागचा इतिहास सब-रजिस्ट्रारकडून घ्यावा लागतो. आणि कन्नड वाचणारा वकील स्वतःचा लावा, बिल्डरचा किंवा एजंटचा नको.

शहापूरची लेक
मी घेतलाय, लग्नाच्या चार वर्षं आधी. अडचण काहीच नाही, घर माझंच आहे. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि आईवडील त्यांच्याही नंतर. तुमच्या मनात आईबाबांची सोय असेल तर मृत्युपत्र कराच. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही.

चाकणबद्दल: पगार जास्त आहे, पण तिथलं भाडं आणि इथला हप्ता दोन्ही भरणार का? बाबांना मात्र घराच्या आधी सांगा. गृहप्रवेशाला आलेल्या पाहुण्यांकडून त्यांना कळलं तर फार लागेल.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मृत्युपत्राचं खरंच माहीत नव्हतं. रोख साडेअकरा लाख आहेत, म्हणजे ४८ ला जमत नाही; ४१ पर्यंत आले तर बोलणी, नाहीतर सोडून देणार. चाकणला नकार कळवते आहे, पण त्याआधी इथल्या साहेबांकडे हुद्द्याचा विषय काढते. बाबांशी या रविवारी बोलेन. हे म्हणाले मीही येतो, मी म्हटलं पहिल्यांदा मी एकटीच.

खानापूरकर, अनगोळ-वडगाव भागात मराठीत समजावून सांगणारे, फक्त मालमत्तेची कामं करणारे वकील माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि मे अखेर फ्लॅट जमला नाही तर एकट्या बाईला खळखळ न करता जागा देणारं कुणी हिंदवाडीत असेल तर तेही कळवा.