टेक-ऑफच्या वेळी धावपट्टीवर दुसरं विमान आलं, तर नेमकं काय वाचवतं?

बीडरोडकर (प्रश्न)

जून २०२४ मधला मुंबईचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २७ नंबरच्या धावपट्टीवर एअर इंडियाचं विमान पुढं उडायलंय आणि मागं त्याच पट्टीवर इंडिगोचं उतरतंय. विमानात टीकॅस (दोन विमानांची हवेतली टक्कर टाळणारी यंत्रणा) असतं, टॉवरमध्ये माणूस बसलेला असतो, व्ही-वनच्या (टेक-ऑफ सोडता येईल असा शेवटचा वेग) आधी पायलटला थांबता येतं, एवढं वाचलंय. मग हे होतं कसं? आणि आपल्या चिकलठाण्याला (औरंगाबाद विमानतळ) १९९३ ला विमान ट्रकला धडकलं, ते पण ह्यातच धरायचं का? आकड्यांसहित सांगा. नुसतं ‘पायलटची चूक’ नको.

डावी_सीट

टीकॅस आधी बाजूला ठेवा. जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली ते ‘वर चढा, खाली या’ असा हुकूम देतच नाही, मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. धावपट्टीवर त्याचा उपयोग शून्य.

व्ही-वनबद्दलचा गैरसमज मोठा आहे. व्ही-वन काढताना गृहीत असतं की पुढची पट्टी शेवटपर्यंत मोकळी आहे. त्या वेगापर्यंत टेक-ऑफ सोडला तर विमान पट्टी संपायच्या आत थांबेल, एवढीच ती हमी. मध्येच हजार मीटरवर कुणी आडवं आलं, तर त्याच्या अलीकडे थांबाल असं तो आकडा कुठंही म्हणत नाही.

हिशेब करून बघा. १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. कोरड्या पट्टीवर वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धरलं, तर थांबायला सुमारे ८६० मीटर लागतात. दिसलं, कळलं, हात हलला यात दोन सेकंद गेले की आणखी १४५ मीटर.

आता हेच मे महिन्यात चिकलठाण्याला. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट, तापमान ४२ अंश. हवा इतकी विरळ की विमानाला ती ५,६०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. काट्यावर १४० नॉटच दिसतात, पण वारा नसेल तर जमिनीवरचा खरा वेग १५२ च्या आसपास असतो. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ८६० चे झाले १,०२० मीटर. ब्रेक तेच, टायर तेच.

सोडायचं ठरलं की थ्रॉटल मागे, ब्रेक, स्पीडब्रेक (पंखावरच्या वर उठणाऱ्या फळ्या), रिव्हर्स (इंजिनाचा उलटा जोर), आणि मग टॉवरला ‘स्टॉपिंग’. ७३७ मध्ये ऑटोब्रेक (आपोआप लागणारा ब्रेक) आरटीओवर, म्हणजे ‘सोडलेला टेक-ऑफ’ या खुणेवर असला, तरी ९० नॉटच्या खाली तो स्वतःहून लागत नाही. कमी वेगात टेक-ऑफ सोडला तर पाय स्वतः दाबावा लागतो.

स्ट्रिपबोर्ड

वरचं सगळं इंजिनाला पॉवर दिल्यानंतरचं झालं. आमचं टॉवरवाल्यांचं काम त्याआधी असतं, आणि गडबडही बहुधा तिथंच होते.

टॅक्सीवे पट्टीला मिळतो तिथं चार पिवळ्या रेघा असतात, दोन सलग, दोन तुटक. तुमच्या बाजूला सलग रेघा असतील तर परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. तुटक बाजूने, म्हणजे पट्टीवरून बाहेर पडताना, अख्खं विमान रेघांपार जाईपर्यंत पट्टी मोकळी धरत नाहीत. नुसतं नाक बाहेर काढून थांबणारे लई असतात, शेपूट आतच! शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात पट्टीचा नंबर असतो. लाल स्टॉप बार (रेघांपाशी आडव्या लाल दिव्यांची ओळ) पेटलेला असेल तर तोंडी परवानगी मिळाली तरी पुढे जायचं नाही, आधी विचारायचं.

रेडिओवर दोन धोके. एक, दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला धुक्यात केएलएम आणि पॅन अॅमची दोन जम्बो भिडली, ५८३ लोक गेले. त्यात ही शिट्टीही होती. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. दुसरा धोका अर्धवट रीडबॅकचा, म्हणजे ऐकलेली सूचना पूर्ण परत न म्हणण्याचा. पट्टीचा नंबर आणि ‘होल्ड शॉर्ट’ (पट्टीच्या अलीकडे थांबा) परत म्हणून दाखवलंच पाहिजे, तिथं ‘रॉजर’ चालत नाही.

परवानगी मागे घ्यायचे शब्दही ठरलेले. विमान अजून उभं असेल तर ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेक-ऑफ’. धावायला लागलं असेल तर कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन ‘स्टॉप इमिजिएटली’, तेही दोनदा. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेला एक ७७७ चुकून पट्टी ओलांडून गेलं, आणि त्याच पट्टीवर डेल्टाचं ७३७ धावत होतं. जमिनीवरच्या रडारचा इशारा वाजला, टॉवरने परवानगी रद्द केली. ७७७ जिथून आडवं गेलं त्याच्या सुमारे हजार फूट अलीकडे डेल्टाचं ७३७ थांबलं. डेल्टाच्या विमानाचा वेग शंभर नॉटच्या आसपासचा होता. १४० असता तर वरचा हिशेब आठवा.

मुंबईचं विचारलंत. मूळ नियम असा की पुढचं विमान पट्टीच्या टोकापलीकडे गेलं किंवा वळायला लागलं, की मगच मागच्याने थ्रेशोल्ड (उतरायच्या बाजूचं पट्टीचं सुरुवातीचं टोक) ओलांडायचं. जिथं कमी अंतराला खास मंजुरी आहे तिथं दिवसा, ५ किलोमीटर दृश्यमानता असताना, मोठ्या विमानांसाठी पुढचं हवेत उचललेलं आणि थ्रेशोल्डपासून २,४०० मीटर पुढे गेलेलं चालतं. म्हणजे एका पट्टीवर दोन विमानं दिसली की नियम मोडलाच असं नाही. पण मुंबईच्या त्या प्रकरणात डीजीसीएने (देशातली विमानवाहतूक नियामक संस्था) कंट्रोलरला ड्यूटीवरून उतरवलं होतं.

फॉलो_मी_जीप

गाड्यांचं कुणी बोललं नाही. पट्टीची पाहणी, पक्षी हाकलणं, दिवे दुरुस्ती, ह्यासाठी गाड्या रोज आत जातात. बऱ्याच ठिकाणी त्या वेगळ्या वॉकी-टॉकीवर असतात, त्यामुळं पायलटला त्यांचं बोलणं ऐकूच येत नाही. टॉवरमध्ये म्हणून ‘पट्टीवर गाडी आहे’ ही लाल चिठ्ठी स्ट्रिपबोर्डवर (विमानांच्या नोंदींच्या चिठ्ठ्यांचा फळा) टाकतात आणि गाडी रेघांबाहेर आल्याचं कळल्यावरच काढतात. ती टाकायची राहिली की झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेरूच्या लिमाला सरावासाठी निघालेला अग्निशमन बंब पट्टीवर आला आणि टेक-ऑफ करणारं ए-३२० त्याला धडकलं. विमानातले वाचले, बंबावरचे जवान गेले.

अजून एक. जिथं पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीवे नाही, तिथं विमानाला पट्टीवरूनच उलटं जाऊन टोकाला वळावं लागतं. ती चार-पाच मिनिटं पट्टी अडलेली. घाईत कुणी उतरायच्या शेवटच्या टप्प्यातलं विमान पुढे बोलावलं की गणित बिघडतं.

बीडरोडकर

धन्यवाद सर. चिकलठाण्याचं राहिलं की.

डावी_सीट

व्याख्येनं ते धावपट्टी-घुसखोरीत येत नाही दादा. ट्रक पट्टीवर नव्हता, पट्टीच्या टोकापलीकडच्या सार्वजनिक रस्त्यावर होता.

२६ एप्रिल १९९३, इंडियन एअरलाइन्सचं ७३७, ११८ जण. पट्टी ०९ वरून अगदी टोकाला जाऊन उचललं आणि बीड रोडवर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग घासला, रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर. पुढे साधारण ३ किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारा लागल्या. ५५ जण गेले.

सात फूट हा आकडा बघा. एक इंजिन बंद पडलं तरी टेक-ऑफचं अंतर संपेपर्यंत ३५ फूट उंची मिळायला हवी, असा हिशेब असतो. अमेरिकी नियमात तर सार्वजनिक रस्त्यावर १५ फूट उंचीचा अडथळा कायम उभाच आहे असं धरतात. म्हणून चौकशीत दोन्ही बाजू निघाल्या : नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रोडची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही. नाक उचलायला एक सेकंद उशीर म्हणजे ७० मीटरपेक्षा जास्त पट्टी गेली. ती गेली की पुढचं कुंपण, रस्ता, ट्रक, सगळंच तेवढं जवळ येतं.