सोसायटीच्या सोलरला बॅटरी लावायची का? लिथियम की ट्युब्युलर?

भांडुपकर_बी_विंग
नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला आमची सात मजली सोसायटी, गच्चीवर १० किलोवॅटचं ऑन-ग्रीड (ग्रीडला जोडलेलं, बॅटरीशिवायचं) सोलर आहे, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं) आहे, कॉमन बिल मस्त खाली आलंय. पण परवा टळटळीत उन्हात लाइट गेली आणि सोलर पण बंद! कमिटीत नुसता गोंधळ, एवढे पैसे घालून काय उपयोग म्हणून. आता एक व्हेंडर म्हणतोय २० युनिटची लिथियम घ्या, लिफ्ट-पंप सगळं चालेल, दुसरा म्हणतोय ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) घ्या, स्वस्तात काम होईल. शिवाय तळमजल्यावर ताईचा लहान मुलांचा दवाखाना आहे, तिचं मीटर वेगळं, तिला लसींच्या फ्रीजसाठी बॅकअप हवाय. कोणी लावलंय का? सबसिडी मिळते का बॅटरीला?

जुना_वायरमन
लाइट गेल्यावर सोलर बंद पडलं म्हणजे ते अगदी बरोबर चाललंय. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रीड इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. व्हेंडरने हे विकतानाच सांगायला हवं होतं, ते कोणी सांगत नाही.
सबसिडी पॅनलला आहे, बॅटरीला नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅट किंवा जास्तला ७८ हजार, सोसायटीच्या कॉमन लोडला किलोवॅटमागे १८ हजार. बॅटरी आपल्या खिशातून.
आणि लिथियम की ट्युब्युलर हे नंतर बघू, आधी लोड सांगा. काय काय चालवायचंय आणि किती तास?

दादर_पश्चिम
आमच्याकडे बेस्टची लाइट जातच नाही, त्यामुळे मला तर हा खर्च फुकटचा वाटतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी उभ्या, तेव्हा शेवटची आठवण आली होती बॅटरीची 😄 नेट मीटर असेल तर जास्तीचे युनिट तसेही ग्रीडमध्ये जमा होतातच, मग बॅटरीने बिल आणखी काय कमी होणार? फक्त बॅकअपसाठी घेत असाल तर ठीक.

भांडुपकर_बी_विंग
@दादर तुमचं बरं आहे हो, आमच्याकडे महावितरण आहे, पावसाळ्यात दोन-तीन तास सहज जाते.
@वायरमन काका, जिना-लॉबीचे लाइट धरून ३०० वॅट, सीसीटीव्ही, राउटर, इंटरकॉम मिळून २०० वॅट. लिफ्टची मोटर ५ एचपी, पंप ५ एचपी.

जुना_वायरमन
बघा, लाइट-कॅमेरे ५०० वॅट, चार तास धरले तरी २ युनिट. खरी गोम मोटरींची आहे. ५ एचपी म्हणजे चालताना साधारण पावणेचार किलोवॅट, पण पंप डायरेक्ट स्टार्टरवर असेल तर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेवढ्यासाठी इन्व्हर्टर केवढा घ्यावा लागेल विचार करा. पंपाला बॅटरी देऊच नका, वरची टाकी भरलेली ठेवा की झालं. लिफ्टला व्हीएफडी (मोटर हळूहळू वेग घेईल असं बघणारा ड्राइव्ह) असेल तर झटका कमी बसतो, पण मी म्हणेन आधी एआरडी तपासा. लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारा तो डबा, त्यात छोट्या बॅटऱ्या असतात आणि निम्म्या सोसायट्यांमध्ये त्या मेलेल्या असतात. आमच्या इथे एक आजी अर्धा तास लिफ्टमध्ये, खाली वॉचमन ओरडतोय "घाबरू नका", आणि एआरडी उघडला तर बॅटरीला हिरवी बुरशी.
मग २० युनिट कशाला? ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) एक लिथियम म्हणजे ५.१ युनिट, ९० टक्के वापरा, इन्व्हर्टरचा लॉस काढा, हातात ४ उरतात. तुम्हाला पुरून उरेल. ट्युब्युलर १५० एएचच्या चार घेतल्या तर लेबलवर ७.२ युनिट दिसतात, पण त्या अर्ध्याच वापरायच्या, त्यापेक्षा खाली नेल्या की लवकर बसतात. म्हणजे हातात तीनच. वर डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? सेक्रेटरी बदलला की विसरले.

कर्जत_वीकेंड
आमच्या कर्जतच्या घरी लिथियमच आहे, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). घेताना "लिथियम" एवढ्यावर थांबू नका, केमिस्ट्री एलएफपी आहे का ते बिलावर लिहून घ्या. आणि बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) तुमच्या इन्व्हर्टरशी बोलतो का, कम्युनिकेशन केबल जोडून देणार का, हे विचाराच. वॉरंटी "१० वर्षं" म्हणतात, खाली बारीक अक्षरात "किंवा इतक्या सायकल, जे आधी होईल ते" असतं (सायकल म्हणजे एकदा चार्ज होऊन रिकामी होणं). जुलैत आठवडाभर ऊन नसतं, तेव्हा बॅटरी ग्रीडवरून पण चार्ज होईल असं सेटिंग ठेवा नाहीतर नेमकी पावसात रिकामी.

भांडुपकर_बी_विंग
आणि दवाखान्याचं? तिला एसी पण चालवायचाय म्हणते.

जुना_वायरमन
दीड टनाचा एसी दीड किलोवॅट धरा, तशाच एका लिथियमचे ४ युनिट अडीच-पावणेतीन तासांत गायब आणि फ्रीज उघडा पडला. ताईंना सांगा बॅटरीवर फक्त फ्रीज, लाइट, पंखा, कॉम्प्युटर, त्याची वेगळी वायर काढा, एसीला त्या डीबीत (स्विचच्या बोर्डात) जागाच ठेवू नका. लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी, घरगुती फ्रीज चार वेळा उघडला की तापमान वर जातं, त्यापेक्षा आइस-लाइन्ड फ्रीज बघा, तो लाइट नसतानाही बराच वेळ थंडावा धरतो. बॅटरीआधी मी तोच घेईन.
सोसायटीला मात्र सध्याचा इन्व्हर्टर हायब्रिड (सोलर, ग्रीड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) नाही, त्यामुळे बॅटरी त्याला थेट लागणार नाही. कॉमन लाइटपुरता वेगळा हायब्रिड इन्व्हर्टर टाका, पॅनलची एक स्ट्रिंग (ओळीने जोडलेला गट) त्यावर द्या. पण नेट मीटरमागची रचना बदलतेय, म्हणून महावितरणला आधी कळवा.

दादर_पश्चिम
बॅटरी मीटर रूममध्ये ठेवू नका बरं का, आणि जिन्याखाली तर अजिबात नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.

भांडुपकर_बी_विंग
गच्चीवर पंप रूमशेजारी सावलीत जागा आहे, पत्र्याची नाही, स्लॅबची. रविवारी मीटिंग आहे, २० युनिटचं कोटेशन परत करतो आणि एआरडीवाल्याला आधी बोलावतो. कोणाकडे हायब्रिड बसवलेला चांगला माणूस असेल तर मेसेज करा, भांडुप-मुलुंडमधला असला तर बरं.