मंडपाच्या टेबलावर कंट्रोलर फार खाली येतो, किती उंच घ्यावा?

उदगीरचा ऑपरेटर

राम राम मंडळी. डीडीजे-४०० (लॅपटॉपला जोडून वाजवायचा डीजे कंट्रोलर) वर काम आहे. हॉलमध्ये मंडपवाल्याचं घडीचं टेबल मिळतं, ३० इंची. वरातीला तेच टेबल पिकअपच्या हौद्यात. माझी उंची ५ फूट ९, सोबतच्या पोराची ५ फूट ४. हळदीला चार-पाच तास उभं राहिलं की कंबर धरायलीय, मान आखडायलीय. पायाखाली विटा लावून बघितल्या तर टेबल डुलायलंय. नेमकी उंची किती घ्यावी? विकतचं स्टँड घ्यावं का वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावं? सेटअप दोघांना मिळून एकच आहे.

मोंढा नाका

भाऊ, टेबलाची उंची मोजूच नका, जॉगची (कंट्रोलरवरच्या हातानं फिरवायच्या गोल चकतीची) मोजा. हात टेबलावर नसतो, जॉगवर असतो.

कामाला घालता तेच बूट घालून सरळ उभे राहा, खांदे ढिले सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत टेप लावा. जॉगचा वरचा भाग त्याच्या ३ इंच खाली यायला पाहिजे. मग कंट्रोलरची जाडी वजा करा, टेबलाची उंची निघाली. डीडीजे-४०० ची जाडी जवळपास ५९ एमएम आहे, म्हणजे सव्वादोन-अडीच इंच. उद्या कुणी सीडीजे (मोठे सुटे डीजे प्लेअर) आणि मोठा मिक्सर आणून ठेवला तर त्यांची जाडी साडेचार इंचाच्या आसपास जाते, तिथं टेबल दोन इंच खाली लागेल. कंट्रोलर फ्लाइट केसच्या (न्यायच्या मजबूत पेटीच्या) तळातच ठेवून वाजवत असाल तर तळ, फोम आणि गुट्ट्या धरून मोजा.

कोपर साधारण उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. ५ फूट ९ ला ते साडेत्रेचाळीस इंच, बूट धरून थोडं जास्त. म्हणजे टेबल ३८ च्या पुढे पाहिजे आणि तुम्ही उभे आहात ३० वर. ३० इंच ही खुर्चीत बसून जेवायची उंची. घरातला ओटासुद्धा उभ्यानं काम करायचं म्हणून ३२-३४ चा करतात.

उलटी चूकही होते. काही जण छातीपर्यंत चढवतात, समोरून भारी दिसतं म्हणून. तिथं खांदे उचलून वाजवावं लागतं आणि तासाभरात मानेपासून खांद्यापर्यंतची शीर भरून येते. कोपराच्या वर कधीच नको.

आणखी एक. कंट्रोलर टेबलाच्या कडेपासून किती आत ठेवता? बहुतेक जण पुढे वीतभर जागा मोबाइल, पाण्याची बाटली, चिठ्ठ्यांना सोडतात. मग उंची बरोबर असली तरी हात लांब करून वाकणं आलंच. कडेपासून दोन इंचांवर आणा. बाटली तशीही तिथं नकोच.

वेल्डिंगवाला, परभणी

विटा लावू नका. पायाचा पाइप गोल, वीट ठिसूळ, वर बेसची थरथर. एक पाय सरकला की सगळं खाली.

आधी मंडपाच्या टेबलाचे पाय बघा. चारही पाय सुटे असतील तर जोडपाय बसवता येतात. पाइप साधारणपणे बाहेरून एक इंची असतो, त्यावर एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बसतो कारण त्याचा आतला व्यास २७ एमएमच्या आसपास असतो. १६ इंचाचे चार तुकडे घ्या, खालून ८ इंचांवर आरपार भोक पाडून ८ एमएमचा बोल्ट टाका. टेबलाचा पाय त्या बोल्टवर टेकतो, वरचे ८ इंच पायाला धरून राहतात. खाली रबरी बूट. पीव्हीसीनंही होतं, पण बोल्टच्या भोकापाशी ते चिरतं, उन्हात पडलेलं तर लवकरच. दोन पाय मिळून एकच यू आकाराचा वाकवलेला पाइप असेल तर मात्र हे जमत नाही, आणि मंडपात तीच टेबलं जास्त. त्यामुळं स्वतःचं करून घेतलेलं बरं.

विकतचं एक्स स्टँड (फुलीसारख्या पायांचं) कीबोर्डसाठी ठीक. उंच केलं की त्याचे पाय जवळ येतात, म्हणजे जितकं उंच तितकं डुलणार. गुडघेही मधल्या जोडाला लागतात. जॉग मागेपुढे घासून स्क्रॅच मारताना फरक लगेच कळतो.

दोघांसाठी हे करून घ्या. वरची चौकट ४८ बाय २० इंच, २५ बाय २५ एमएमचा चौकोनी पाइप, १६ गेज (पत्र्याची जाडी, साधारण १.६ एमएम). पायाचा बाहेरचा पाइप ३० बाय ३० चा, २ एमएम जाड, २६ इंचाचे चार तुकडे. आत २५ चाच पाइप २२ इंचाचा सरकतो. बाहेरच्या पाइपाला एक-एक इंचावर साडेआठ एमएमची भोकं, ८ एमएमचा बोल्ट. सगळ्यात उंच केल्यावरही आतला पाइप किमान ८ इंच आत राहिला पाहिजे, नाहीतर सांध्यात हलणार. ३४ ते ४० इंच सहज मिळतात.

इथं एक गोची होते. ३० च्या पाइपाला आतून वेल्डची शीर असते, त्यामुळं २५ चा पाइप अडकतो. फाइलनं किंवा डाय ग्राइंडरनं ती घासावी लागते. आणि शीर गेली की एक एमएमचा ढिलेपणा राहतो. त्यासाठी बाहेरच्या पाइपाला खालच्या टोकाशी एक नट वेल्ड करून विंग बोल्ट (हातानं आवळायचा, कानवाला) द्या, तो आतला पाइप दाबून धरतो. वजन भोकातल्या ८ एमएमच्या बोल्टवर म्हणजे पिनेवर, डुलणं विंग बोल्टवर. नुसत्या विंग बोल्टवर वजन ठेवलंत तर टेबल हळूहळू एका बाजूनं बसतं.

आडवी पट्टी मागे आणि दोन्ही बाजूंना, बाहेरच्या पाइपाच्या खालच्या टोकाजवळ. मागे फुली. आपल्या बाजूला खाली काहीच नको, पाय आत गेले तरच माणूस टेबलाला लागून उभा राहतो. पाइप लागतो २५ चे दोन नग २० फुटी आणि ३० चा अर्धा नग. वर १८ एमएम प्लाय. एकूण वजन २४-२५ किलो.

रात्रपाळी

लॅपटॉपचं कुणी बोललंच नाही. मान आखडते ती तिथं. कंबर टेबलामुळं, मान स्क्रीनमुळं. टेबल वर घेतलं तरी लॅपटॉप कंट्रोलरच्या मागं सपाट ठेवला तर नजर खालीच राहते. वेगळं स्टँड घेऊन स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या थोडी खाली आणा. अगदी समोर नको, डावीकडे थोडा तिरका, म्हणजे लोकही दिसतात आणि हात आदळत नाही. स्टँडचा पाय प्लायला क्लॅम्प करा.

टेबल ८ इंच वर गेलं की जुन्या केबली ताणतात. डीडीजे-४०० ला वीजही यूएसबीतूनच आणि साउंड कार्डही त्याच्यातच, म्हणजे पिन हलली की आवाज बंद. केबल प्लायच्या मागच्या कडेला टायनं बांधा, सॉकेटपाशी वीतभर सैल गाठोडं ठेवा. वजन टायवर पडायला पाहिजे, सॉकेटवर नाही.

लोखंडी चौकट केलीत तर एक्स्टेंशन बोर्ड तिच्यावर स्क्रूनं ठोकू नका. जनरेटरवर अर्थिंगचा भरवसा नसतो आणि तुटक्या वायरचा करंट सरळ चौकटीत उतरतो. बोर्ड लाकडावर, आणि लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच).

उदगीरचा ऑपरेटर

मोजलं. बूट घालून माझं कोपर ४४, पोराचं ४१. म्हणजे माझं टेबल साडेअडतीस आणि त्याचं साडेपस्तीस. दर वेळी चार पिना कोण काढणार? माझ्या मापावर ठेवून त्याला ३ इंचाची फळी दिली तर?

मोंढा नाका

हॉलमध्ये बेशक. उंच माणसाच्या मापाचं टेबल आणि बुटक्याला फळी, हाच नियम. पण फळी म्हणजे पाटावर पाट नव्हे. ४ फूट बाय २ फूट, खाली तीन आडव्या लाकडी पट्ट्या, चालताना पाय घसरणार नाही एवढी रुंद. वर गोठ्यात अंथरतात त्या रबरी मॅटचा तुकडा टाका, कृषी सेवा केंद्रात मिळते. पायाला गादी होते. फक्त तिची जाडी मापात धरा.

रात्रपाळी

पिकअपमध्ये फळीला माझा सक्त विरोध. एक तर गाडी ब्रेक मारते. दुसरं, गल्लीत तारा लोंबत असतात, हौद्यात उभा माणूस आधीच वर असतो, त्यात ३ इंच कशाला वाढवता? वरातीत टेबल ३७ वर ठेवा. तुमचा हात कोपराच्या पावणेपाच इंच खाली येतो, पोराचा पावणेदोन इंच. दोघांनाही तासभर चालतं. रॅचेट पट्टा (दांडा मारून आवळायचा) वरून आवळू नका, प्लाय वाकते. चारही बाहेरचे पाइप खालच्या पट्टीशी धरून हौद्याच्या कड्यांना बांधा. आणि बेसच्या डब्यावर लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर आत एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) आहे ना तेवढं बघा. फिरणारी हार्ड डिस्क त्या थरथरीत टिकत नाही.

वेल्डिंगवाला, परभणी

३७ चं भोक लाल रंगानं आणि साडेअडतीसचं पिवळ्यानं रंगवा. अंधारात टेप लावत बसावं लागत नाही. साडेअडतीसचं भोक इंचाच्या रांगेत येत नाही, ते वेल्डिंगवाल्याला वेगळं पाडायला सांगा, पण बाहेरच्या नाही, आतल्या पाइपाला. बाहेर दोन भोकं अर्ध्या इंचावर आली तर मधलं लोखंड फाटतं.