शिकागोच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव हवं की नको?

नाना_शिकागोकर: २०२३ ची इथली मेयरची निवडणूक घ्या. नऊ उमेदवार, आणि मतपत्रिकेवर कुणाच्याच नावापुढे पक्ष नाही. माझ्या मते हेच बरोबर. बर्फ उपसणं, शाळा, पोलीस, यात कसला आलाय डेमोक्रॅट नि रिपब्लिकन? शिवाय निम्म्याच्या वर कोणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत परत मतदान. पॉल व्हॅलस ३३ टक्क्यांवर पहिले होते, ब्रँडन जॉन्सन २२ च्या आसपास, तरी एप्रिलमध्ये जॉन्सन जिंकले. लोरी लाइटफूट तर खुर्चीवर असून पहिल्याच फेरीत बाद, पक्षाने असं होऊ दिलं असतं का?

रानवाट: होऊ दिलं असतं की! १९८३ ला जेन बर्न मेयर असून डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानातच, हरल्या. त्यांच्यात आणि दुसरे इच्छुक रिचर्ड डेली यांच्यात मतं फुटली, हॅरॉल्ड वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर पुढे आले आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय मेयर झाले. तसं परत घडू नये म्हणूनच १९९५ चा बिनपक्षाचा कायदा आणला, असं बरेच जण आजही म्हणतात. आणि पक्ष जातो कुठे? व्हॅलसच्या पाठीशी पोलिसांची युनियन, जॉन्सनच्या मागे शिक्षकांची. व्हॅलस २००९ मध्ये टीव्हीवर म्हणाले होते की मी डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकनच जास्त, ती क्लिप प्रचारात फिरली म्हणून लोकांना कळलं, दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईने हे शोधायचं कधी?

माळावरचा: रानवाटशी सहमत. आमच्या ग्रामपंचायतीलाही पक्षाचं चिन्ह नसतं, पण पॅनल कुणाचं ते शेंबडं पोरगंही सांगतं. गावात चालतं ते, सगळे एकमेकांना ओळखतात. शिकागोएवढ्या शहरात कोण कुणाला ओळखतं? आणि डॅलस शहराचं बघा, तिथेही मतपत्रिकेवर पक्ष नसतो, मेयर एरिक जॉन्सन मे २०२३ ला परत निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाले. मत देणाऱ्यांनी काय समजायचं?

नाना_शिकागोकर: अहो, पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन उड्या मारणारे काय कमी आहेत? आपल्या महाराष्ट्राला ते नव्याने सांगायला नको. खरी अडचण तारखेची आहे. फेब्रुवारीच्या थंडीत पहिली फेरी, मग एप्रिल, मतदान ४० टक्क्यांच्या आत. लॉस एंजेलिसने मेयरची निवडणूक सम वर्षी नोव्हेंबरला नेली तसं इथेही करा, पक्ष आणायची गरज नाही.

रानवाट: नाना, १९८३ ची अंतिम लढतही एप्रिलमध्येच होती. मतपत्रिकेवर पक्ष होते, आणि मतदान ८० टक्क्यांच्या वर झालं.