कमाटीबागेत बेटवासीयांचं दालन हवं की नको?

रावपुऱ्याचा राघू : बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. लहानपणी आपण सगळे त्याच्याखाली माना वर करून उभे राहिलोय. आता त्याच्या शेजारी समुद्रावर जगणाऱ्या बेटवासीयांचं दालनही यावं, असं मला वाटतं. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरचे नावाडी काड्या बांधून लाटांचे नकाशे करायचे. कवडी म्हणजे बेट, आणि वाकवलेली काडी म्हणजे बेटाला वळसा घालताना मुरडणारी लाट. किनाऱ्यावर बसून ते पाठ करायचे आणि नकाशा घरीच ठेवून निघायचे! १९७६ साली तिकडच्याच सातावल बेटाच्या माऊ पियाइलुग या नावाड्यानं होकायंत्राशिवाय हवाईहून ताहितीपर्यंत होडी नेली. हे आपल्या पोरांना कळायला नको?

दांडिया बाजारकर : कळू द्या की, पण त्याला दालन कशाला? बडोदेकरांचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईला जाऊन चिखल बघून परत येणं. आधी आहे त्या कपाटांवरची धूळ पुसा.

ओखापोर्ट : काका, द्वारकेकडचं ओखामंडळ कोणाचं होतं? बेट द्वारकेसकट गायकवाडांचंच ना? सयाजीरावांनी सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, त्याचा अहवाल १९०९ चा आहे. याच हॉर्नेलनी पुढे पॅसिफिक बेटांवरच्या होड्यांचा अभ्यास केला. तुमच्या चिखलापेक्षा बडोद्याचा समुद्र बराच मोठा होता.

दांडिया बाजारकर : संस्थान गेलं, हो. आता बेट द्वारका देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे.

मांडवीची माई : माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. बर्लिनच्या हम्बोल्ट फोरममध्ये पापुआ न्यू गिनीकडच्या लुफ बेटाची सुमारे पंधरा मीटर लांबीची होडी आहे. इतकी मोठी, की ती आत घेतल्यावर मग भिंत बांधून काढली. १८८२-८३ मध्ये जर्मन आरमारानं तेच बेट उद्ध्वस्त केलं होतं. होडी जर्मन व्यापाऱ्याच्या हाती आली १९०३ साली. काचेआड ठेवलेल्या वस्तूखालच्या पाटीवर असलं काही कोणी लिहीत नाही. अंदमानच्या जारवा आदिवासींची तर लोकांनी गाडीच्या खिडकीतून जत्राच केली.

रावपुऱ्याचा राघू : माई, म्हणूनच जुनी होडी आणायचीच नाही. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या किंवा कच्छच्या मांडवीच्या कारागिरांना बोलवा, रीतसर मजुरी द्या, बागेतच बांधू दे. फळीला फळी कशी जुळते, सांधे कसे बुजवतात, ते लोकांनी उभं राहून पाहावं. पाटीही त्यांनीच सांगितलेली.

मांडवीची माई : हे पटलं. पण पाटीवरचा मजकूर शेवटी आपल्या क्युरेटरनंच ‘सुधारला’ तर?

ओखापोर्ट : आता मीच उलट बोलतो. एवढं करायचं तर ओख्याला करा. तिथल्या वाघेर समाजाच्या पोराला आपल्या आजोबांच्या गलबताची माहिती घ्यायला रात्रभर गाडीत बसून बडोद्याला यावं लागणार? सगळं उचलून राजधानीत आणायची खोड संस्थानी आहे.

दांडिया बाजारकर : आणि लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंच आहे. तिकडे जा, पार्किंगही मिळेल.

रावपुऱ्याचा राघू : लोथलला गोदी आणि जहाजं येतील, येऊ देत. २०२४ च्या फेब्रुवारीत ओखा ते बेट द्वारका हा सुदर्शन सेतू सुरू झाला, तोवर बेटावर जायला फेरीबोटच होती. वारा पडला की थांबायचं की निघायचं हे ठरवणारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, अजून आहेत. त्यांचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करून घ्या. दालन बडोद्यात की ओख्यात, ते नंतर भांडू.

दांडिया बाजारकर : रेकॉर्डिंगला माझी ना नाही. इमारतीला आहे.