धर्मसंस्थांनी सरकारी धोरणांवर बाजू मांडावी का?

पाटीकोरी (धागाकर्ती): मांडावी. पण हातात धर्मवचन नको, कलम क्रमांक हवा. कायदा मतदानाला आल्यावर मोर्चा निघतो, तोवर मसुदा जवळपास पक्का झालेला असतो. बोलायची वेळ त्याआधीची: हरकती मागवतात तेव्हा आणि समितीत कलमवार चर्चा चालते तेव्हा. दोन पानांचं निवेदन पुरे. सध्याचा मजकूर, त्याखाली सुचवलेला मजकूर, फटका कुणाला, खर्च कुठून. निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे नोंदवही असते: किती जण आले, किती परत पाठवावे लागले, का. नावं गाळून हे आकडे जोडा, ते इतर कुणाकडे नसतात. एकाच छापाची हजार पत्रं मात्र नकोत, ती एकच हरकत म्हणून बाजूला पडू शकतात.

तिरकस: कागद सुबक झाला, अधिकाराचं काय? माणूस प्रार्थनेला येतो, मुखत्यारपत्र द्यायला नाही. प्रमुखाने सही केली की ‘आमचे इतके लाख अनुयायी’ असं छापून मोकळे. अमेरिकेतली दारूबंदी आठवा. चर्चच्या बळावर उभ्या राहिलेल्या अँटी-सलून लीगने (दारूच्या गुत्त्यांविरुद्धची संघटना) आमदार-खासदारांवर दबाव आणला, 1920 मध्ये बंदी लागू झाली आणि 1933 मध्ये ती घटनादुरुस्ती रद्द करावी लागली. मधल्या काळात चोरट्या दारूवर टोळ्या पोसल्या गेल्या.

पाटीकोरी: अधिकाराचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. अमेरिकेतल्या क्वेकरांची (एक ख्रिस्ती पंथ) धोरणविषयक संस्था 1943 पासून काम करते. दर दोन वर्षांनी ती स्थानिक सभांना विचारते, कोणते विषय आधी घ्यायचे? त्यावरून यादी ठरते. ज्यावर एकमत नाही, त्यावर संस्थेच्या नावाने बोलायचं नाही, एवढा नियम कुणालाही करता येईल. दारूबंदीत लोकांची सवय कायद्याने मोडायची होती. उलट ‘जुबिली 2000’ या चर्चच्या पाठिंब्यावरच्या मोहिमेची मागणी नेमकी होती: गरीब देशांचं न फिटणारं कर्ज माफ करा. चर्चबाहेरचे लोकही सोबत होते. मे 1998 मध्ये बर्मिंगहॅमच्या जी-8 (आठ बड्या देशांच्या) परिषदेभोवती सुमारे 70,000 लोकांनी मानवी साखळी केली, पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची व्याप्ती वाढली.

हिशेबतपासनीस: दोघांनीही पैशाची बाजू सोडली. अमेरिकेत 1954 पासून चर्चसह करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे, कायद्यावर मत मांडायला नाही. फक्त ते कामाचा ‘मोठा हिस्सा’ होता कामा नये. मोठा म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. इतर धर्मादाय संस्थांना खर्चाची ठरीव मर्यादा निवडता येते, चर्चना ती सवलत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांचे तास, छपाई, प्रवास यांचं वेगळं खातं ठेवा. ते नसलं की चौकशीत दाखवायला काहीच उरत नाही. आणि निवडणुकीच्या तोंडावर एकाच उमेदवाराला व्यासपीठावर बसवलंत, तर विषय धोरणाचा होता हे कुणाला पटणार?

तिरकस: खातं ठेवतील हो. पण गरिबांच्या निवाऱ्यासाठीच्या निवेदनात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात स्वतःच्या जमिनीवरची करसवलतही मागितलेली असते, त्याचं काय?

पाटीकोरी: ती मागणी वेगळ्या कागदावर, ‘यात आमचा आर्थिक हितसंबंध आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहून. नाहीतर समितीतला एखादा सदस्य तेवढाच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवतो आणि निवाऱ्याचा विषय तिथेच बारगळतो.