मदत हवी आहे: लिव्हर डायनॅमिकचा आर्टेरियल फेज सतत खराब येतोय

खांडेपारकर | सोमवार, रात्री १०:४२
नमस्कार. फोंड्याजवळच्या सेंटरवर आहे. एमआरआयच्या लिव्हर डायनॅमिकमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट शिरेत सोडून यकृताची लागोपाठ चित्रं घेतो त्यात, प्लेन (कॉन्ट्रास्टआधीचं) छान, पोर्टल छान, डिलेड छान, फक्त आर्टेरियलचा (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाच्या चित्राचा) विचका. महाधमनीच्या आणि यकृताच्या कडेला समांतर रेघा उमटतात, काही पेशंटमध्ये तर सगळं यकृतच धूसर. बहुतेक सिरोसिसचे पेशंट, एचसीसी (यकृताचा कॅन्सर) आहे का बघायला पाठवलेले, म्हणजे आर्टेरियल गेला की अर्धा रिपोर्ट गेला. इंजिनिअर येऊन 'मशीन ओके' म्हणून गेला. नेमका उपाय सांगा, उद्या सकाळी दोन केसेस आहेत. 'पेशंटला श्वास धरायला सांगा' हे कृपया सांगू नका.

रापणकार | सोमवार, रात्री ११:०५
ताप आलाय, औषध सांगा, अशातला प्रश्न झाला हा. कॉन्ट्रास्ट कोणतं? पेशंटचं वजन, किती मिली, कोणत्या रेटने? स्कॅन कशावर सुरू करता, ठरलेल्या सेकंदांवर की बोलस (एका दमात सोडलेलं कॉन्ट्रास्ट) पोचलेला बघून? आर्टेरियलचा ब्रेथ-होल्ड किती सेकंदांचा? मशीन (चुंबकाची ताकद) दीड टेस्ला की तीन?

पॅडवाला_बाब | सोमवार, रात्री ११:११
तीन टेस्ला असेल तर डायइलेक्ट्रिक पॅड लावा. पोटाच्या मधोमध काळोख येतो तो जातो.

रापणकार | सोमवार, रात्री ११:१४
बाब, ते रेघा म्हणतायत, काळोख नव्हे. आणि पोर्टल फेज छान येतोय. पॅडचा प्रश्न असता तर सगळेच फेज बिघडले असते.

खांडेपारकर | मंगळवार, सकाळी ६:५०
कॉन्ट्रास्ट प्रायमोव्हिस्टच (गॅडोक्सेटेट), लिव्हरला दुसरं काय वापरणार? रेट नेहमीचा, अडीच मिली प्रतिसेकंद. इंजेक्शन सुरू झाल्यावर २० सेकंदांनी स्कॅन. ब्रेथ-होल्ड २१ सेकंद. डोस वजनाप्रमाणे. आता तरी उपाय सांगा, पहिला पेशंट साडेआठला आहे.

रापणकार | मंगळवार, सकाळी ७:२०
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. प्रायमोव्हिस्टचा डोस किलोमागे ०.१ मिली. ६० किलोच्या माणसाला ६ मिली. ते अडीचच्या रेटने गेलं तर इंजेक्शन २.४ सेकंदांत संपतं. साधं कॉन्ट्रास्ट गॅडोटेरेट असतं तर किलोमागे ०.२ मिली, म्हणजे १२ मिली. तुमचा 'नेहमीचा' रेट तिथून आलेला आहे.

एवढा आखूड बोलस महाधमनीतून झर्रकन चढतो आणि उतरतो, आणि तुमचा स्कॅन २१ सेकंद चाललेला. के-स्पेसचा (ज्या कच्च्या डेटावरून चित्र बनतं त्याचा) मधला भाग भरला जात असतानाच कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमचं प्रमाण बदलत राहिलं, की कडांना समांतर रेघा येतात. हे ट्रंकेशन. मशीन ओकेच आहे, इंजिनिअरला काही दिसणार नाही.

आज एवढंच करा: रेट १ मिली प्रतिसेकंद, मागून ३० मिली सलाईन. ठरलेले २० सेकंद सोडा. सिरोसिस आणि हृदयाचे पेशंट असतील तर बोलस पोचायला एकाला १५ सेकंद लागतात, दुसऱ्याला तीस. बोलस ट्रॅकिंग (बोलस महाधमनीत पोचलेला थेट बघून स्कॅन सुरू करणं) लावा, ते नसेल तर १ मिलीचा टेस्ट बोलस देऊन पोचायला लागणारा वेळ मोजा.

यकृतवेडी | मंगळवार, दुपारी १:३०
रेट कमी करण्यापेक्षा डायल्यूट करा. तेवढंच सलाईन मिसळलं की ६ चे १२ मिली होतात, २ च्या रेटने सोडलं तरी ६ सेकंदांचा बोलस मिळतो. शिरेतून प्रवाह जोरात राहतो, बोलस हाताच्या शिरेत रेंगाळत नाही.

रापणकार | मंगळवार, दुपारी १:४८
मॅडम, ६ मिली १ च्या रेटने सोडलं तरी ६ सेकंदच होतात. मग भरलेली सिरिंज उघडून त्यात सलाईन का मिसळायचं? निर्जंतुकपणाचा धोका वेगळा, आणि लेबलवर डायल्यूशन नाही. शिवाय दोन द्रव नीट मिसळले गेले नाहीत तर जड कॉन्ट्रास्ट खाली बसतं आणि बोलसची सुरुवात पातळ, शेवट घट्ट.

यकृतवेडी | मंगळवार, दुपारी २:१०
लेबलचं मान्य. पण १ च्या रेटने हातातून छातीत पोचेपर्यंत बोलस पसरतो, टोक बोथट होतं, हेही मान्य करा. फ्लश (मागून जाणारं सलाईन) दमदार हवा. असो. खांडेपारकर, तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र केल्या आहेत. 'रेघा' आणि 'सगळं यकृत धूसर' हे एकच नाही.

रेघा कडेला लागून असतील आणि दोन-चार ओळींत विरत जात असतील तर ट्रंकेशन. पोटाच्या भिंतीची आकृती फेज दिशेने परत परत उमटली असेल आणि सगळंच पुसट असेल तर ती हालचाल. गॅडोक्सेटेटने काही पेशंटचा श्वास नेमका आर्टेरियलच्या वेळी सुटतो. अ‍ॅलर्जी नाही, थोड्या वेळात आपोआप थांबतं, पोर्टलला तोच पेशंट श्वास व्यवस्थित धरतो. म्हणून तुमचे बाकीचे फेज छान येतात. पूर्वीच्या स्कॅनला असं झालं असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर शक्यता वाढते. रेट कमी केल्याने ट्रंकेशन जाईल, पण ही हालचाल त्याने थांबेलच असं धरू नका.

तिच्यावर उपाय एकच, वेळ वाचवा. २१ सेकंद फार झाले, १५ च्या खाली आणा. मशीनवर स्कॅन आखूड करणाऱ्या सेटिंगांपैकी कायपिरिन्हा असेल तर २ गुणिले २, नसेल तर पॅरलल इमेजिंग २, पार्शल फूरिए ६/८, स्लाइस ३ ऐवजी साडेतीन-चार मिमी. रिझोल्यूशन थोडं जाईल, पण हललेल्या चित्रात रिझोल्यूशन असून उपयोग काय? ट्विस्ट किंवा डिस्कोसारखा झटपट सीक्वेन्स असेल तर एकाच ब्रेथ-होल्डमध्ये दोन-तीन आर्टेरियल घ्या, एक तरी वाचतो.

हात_वर | मंगळवार, दुपारी ३:०२
पॅरलल इमेजिंग वाढवण्याआधी पेशंटचे हात कुठे आहेत ते बघा. हात बाजूला ठेवून फील्ड ऑफ व्ह्यू (चित्राची चौकट) आवळलं की हातांचं रॅप (चौकटीबाहेरच्या भागाची दुमडून येणारी छाया) थेट यकृताच्या मधोमध येतं. हात डोक्यावर घ्या. खांदे दुखणाऱ्यांना नाही जमत, तिथे फील्ड ऑफ व्ह्यू मोठंच ठेवा. आणि कॉइल (सिग्नल पकडणारं उपकरण) डायाफ्रॅमच्या वरपर्यंत चढवा, बरेच जण ती बेंबीवर ठेवतात आणि यकृताच्या घुमटात नॉइज येतो.

वाळपईचो_रे | मंगळवार, सायं. ५:१५
श्वासाचं सांगू नका म्हणालात, तरी सांगतो. मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत की इंग्रजीत? सत्तरी-काणकोणच्या आजीला 'ब्रीद आउट अँड होल्ड' ऐकून काय कळणार? मायक्रोफोनवरून स्वतः सांगा: 'स्वास घेयात, सोडात, आतां घेवं नाकात.' टेबलावर चढवायच्या आधी दोनदा सराव, घड्याळ लावून. श्वास सोडून धरायला लावा. भरून धरला की प्रत्येक वेळी यकृत वेगळ्या उंचीवर थांबतं.

दुसरं, त्या रेकॉर्ड केलेल्या सूचनेला सहा-आठ सेकंद जातात. ट्रिगर दाबल्यावर मशीन ती आख्खी वाजवतं आणि तोवर आर्टेरियल निघून जातो. डायनॅमिकसाठी ऑटो-व्हॉइस बंद करा.

अननसप्रेमी | मंगळवार, रात्री ८:४०
एमआरसीपीआधी (पित्तनलिकांच्या एमआरआयआधी) अननसाचा रस पाजून बघा. त्यातल्या मँगनीजमुळे पोट आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) यांतला द्रव टी-टू चित्रावर काळा होतो, पित्तनलिका स्वच्छ दिसतात. आपल्याकडे अननस स्वस्त आहे.

रापणकार | मंगळवार, रात्री ८:४४
एमआरसीपी विचारलंय कोणी? तरी निघालंच आहे तर: एमआरसीपी प्रायमोव्हिस्टच्या आधी उरका. कॉन्ट्रास्ट पित्तात उतरलं की टी-टू सिग्नल पडतो, नलिका दिसेनाशा होतात, मग अननस पाजा की फणस खायला घाला. टी-टू आणि डिफ्युजन चित्रं मात्र कॉन्ट्रास्टनंतर घ्यायला हरकत नाही. २० मिनिटांच्या हेपॅटोबिलियरी फेजची (यकृताच्या पेशी कॉन्ट्रास्ट शोषतात त्या चित्राची) वाट बघताना ते होऊन जातं.

कुळागर | मंगळवार, रात्री ९:२६
सिरोसिसमध्ये एचसीसी बघायचीय ना? मग प्रायमोव्हिस्ट हवंच कशाला? साधं एक्स्ट्रासेल्युलर (गॅडोटेरेटसारखं, यकृताच्या पेशींत न शिरणारं) वापरा, गॅडोलिनियम चौपट जातं, आर्टेरियल झळझळीत येतो, श्वास सुटायची भानगड नाही. वॉशआउटही (गाठीतून कॉन्ट्रास्ट ओसरणं) डिलेडपर्यंत मोजता येतो. प्रायमोव्हिस्टला तो फक्त पोर्टल फेजमध्येच धरायचा, तीन मिनिटांचं चित्र चालत नाही, कारण तोवर यकृत स्वतःच उजळायला लागतं.

यकृतवेडी | मंगळवार, रात्री १०:०३
मुद्दा खरा आहे. रक्तातलं बिलिरुबिन ३ मिग्रॅ/डेसिलीटरच्या वर असेल तर हेपॅटोबिलियरी फेजही फिका येतो, तिथे तर नक्कीच विचार करावा. पण लहान गाठी आणि मेटास्टेसिससाठी तो २० मिनिटांचा फेजच कामाचा. मात्र त्यात फ्लिप अँगल (स्कॅनचं एक सेटिंग) डायनॅमिकचाच १०-१२ अंश ठेवलेला मी सर्रास बघते. तो २५-३० करा, गाठ आणि यकृत यांतला फरक लगेच वाढतो. यकृत पोर्टल व्हेनपेक्षा (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेपेक्षा) उजळ दिसलं नाही, तर २० मिनिटं झाली तरी फेज अपुरा समजा आणि आणखी थांबा.

खांडेपारकर | बुधवार, सायं. ६:३०
कॉन्ट्रास्ट कोणतं मागवायचं ते माझ्या हातात नाही, तो वाद दुसरीकडे घाला. रेट १ केला, स्कॅन १४ सेकंदांवर आणला, बोलस ट्रॅकिंग लावलं. धूसरपणा गेला. रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत. एका पेशंटमध्ये पोर्टल व्हेन पूर्ण काळी आली. सबट्रॅक्शनमध्ये (आर्टेरियलमधून प्लेन वजा केलेल्या चित्रात) घुमटाखाली पांढरी कडा. आता?

रापणकार | बुधवार, सायं. ७:१०
पोर्टल व्हेन काळी म्हणजे लवकर घेतलात. लेट आर्टेरियल हवा: हेपॅटिक आर्टरी भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये थोडंसं कॉन्ट्रास्ट, हेपॅटिक व्हेन्स (यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा) काळ्या. त्या उजळल्या तर उशीर झाला. महाधमनीत डायाफ्रॅमपाशी कॉन्ट्रास्ट दिसताच स्कॅन दाबू नका. के-स्पेसचं केंद्र त्यानंतर साधारण १२ ते १५ सेकंदांनी पडायला हवं. तुमच्या सीक्वेन्समध्ये केंद्र पाचव्या सेकंदाला येत असेल तर आठ-दहा सेकंद थांबायचं, तेवढ्यात श्वासाची सूचना होते. केंद्र कधी येतं ते प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं. स्कॅन २१ वरून १४ वर आणल्याने तेही सरकलंय, जुना हिशोब चालणार नाही.

पांढरी कडा म्हणजे प्लेन आणि आर्टेरियलमध्ये यकृत वेगळ्या उंचीवर होतं. सबट्रॅक्शनसाठीचा प्लेन इंजेक्शनच्या अगदी आधी, त्याच सूचनेवर, त्याच सेटिंगने घ्या. मध्ये प्रीस्कॅन (मशीनची आपोआप जुळवणी) पुन्हा चालवू नका, गेन बदलला की वजाबाकीला अर्थ राहत नाही.

नळीबाब | बुधवार, रात्री ९:५५
सलाईनचा रेट किती ठेवलाय?

खांडेपारकर | बुधवार, रात्री १०:०२
अडीच. तो कशाला बदलायचा?

नळीबाब | बुधवार, रात्री १०:२०
उरलेल्या रेघा तिथल्याच. इंजेक्टर ६ मिली १ च्या रेटने सोडतो, पण त्यातलं बरंच इंजेक्शन संपताना अजून नळीतच असतं. मागून सलाईन अडीचने आलं की नळीतलं सगळं कॉन्ट्रास्ट अडीचनेच शिरेत जातं. स्क्रीनवर १ दिसतं, पेशंटला अर्धा डोस जुन्याच वेगाने मिळतो. दोन्ही रेट १ वर ठेवा. फ्लश निदान २० मिली, तुम्ही ३० देताय ते ठीक.

यकृतवेडी मॅडमना दमदार फ्लश हवा असेल तर नळी आखूड घ्या. नळीत किती मावतं ते बघायला ती रिकामी जोडा आणि १० मिलीच्या सिरिंजने सलाईन भरा. टोकाशी पहिला थेंब आला की सिरिंजवरून किती गेलं ते वाचा. टी-कनेक्टर आणि कॅन्युलाचं एक्स्टेंशन जोडूनच मोजा, तेच विसरतात.

पॅडवाला_बाब | बुधवार, रात्री १०:४८
मशीन किती टेस्लाचं ते अजून सांगितलं नाही.

खांडेपारकर | गुरुवार, सकाळी ७:०५
तीन. सलाईन १ वर केलंय, आज दोन केसेस त्यावरच. एकाला भरपूर जलोदर आहे.

पॅडवाला_बाब | गुरुवार, सकाळी ७:१२
मग त्याला पॅड लावाच, मधोमध काळोख येणार. त्यापेक्षा बरं म्हणजे डॉक्टरांशी बोलून आधी पाणी काढून घ्या, नाहीतर दीड टेस्लावर पाठवा.